गोलपोस्टपासून बाकापर्यंत : दिनो झॉफ



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस फुटबॉलवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही फुटबॉल खेळलो तो शाळेच्या मैदानावर, आणि ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करायचं या जुन्या नियमाने आम्हाला गोलातच उभं केलं जाई. अनुभव म्हणाल तर एवढाच. पण तत्त्वज्ञानाचा आणि गोलरक्षकाचा अगदीच संबंध नाही असंही नाही. आल्बेर काम्यू अल्जीयर्सला शिकत असताना गोलात उभा राहायचा. सतराव्या वर्षी क्षयाने गाठलं आणि खेळ सुटला. गोलरक्षकाचं नाव निघालं की लोक काम्यूपाशीच थांबतात, म्हणून आज आपण त्याला नमस्कार करून पुढे जाऊ.

आज आपल्याला पाहायचा आहे तो इटलीचा दिनो झॉफ. निम्मं आयुष्य गोलात उभा राहिलेला आणि पुढे क्लबचा प्रशिक्षक झालेला. त्याच्या निमित्ताने एक प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा आहे. जी गोष्ट आपल्या हातांनी अडवता येते तिची जबाबदारी घेणं कठीण असलं तरी समजण्यासारखं आहे. जी आपल्या हातात उरलेलीच नाही, तिची जबाबदारी माणूस कशी घेतो? गीतेतल्या कर्माच्या अधिकाराची आठवण काहींना लगेच होईल. थोडं थांबा. आधी माणूस पाहू.

झॉफचा जन्म 28 फेब्रुवारी 1942 चा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतात, मारियानो नावाच्या गावी. घर शेतकऱ्याचं. फ्रिउलीची माणसं कष्टाळू आणि अबोल, अशी साऱ्या इटलीत ख्याती आहे. आपल्याकडे एखाद्या भागातल्या माणसांबद्दल असं सर्रास बोललं जातं आणि ते निम्मं खोटं असतं. पण झॉफच्या बाबतीत ते खरंच निघालं. वडिलांनी बजावलं, की खेळायचं तर खेळ, पण आधी हातात एखादा धंदा असू दे. मुलगा मेकॅनिकचं काम शिकला. चौदाव्या वर्षी इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्याला पाहिलं आणि उंची कमी म्हणून परत पाठवलं. मग आजीने उपाय काढला. रोज अंडी खायची, चांगली आठ-आठ! अंड्यांनी म्हणा की वयाने म्हणा, पुढच्या काही वर्षांत पोरगा चांगला फूटभर वाढला. ही हकीकत झॉफ स्वतःच सांगत आले आहेत, म्हणून आपणही सांगायला हरकत नाही.

इथे एक छोटी गोष्ट. आत्ता तोंडातून 'झॉफ सांगत आले आहेत' असं गेलं, आणि मघाशी 'झॉफचा जन्म' म्हटलं. मराठीत खेळाडू 'तो' असतो आणि मास्तर 'ते'. आपण तसंच करू. मैदानावर आहे तोवर 'तो', बाकावर बसला की 'ते'.

तर उदिनेसे या जवळच्या क्लबकडून 24 सप्टेंबर 1961 रोजी तो इटलीच्या पहिल्या श्रेणीत, सेरी-ए मध्ये, पहिला सामना खेळला. समोर फिओरेंतिना. निकाल 5-2, पाच गोल झॉफवर. ही पदार्पणाची शोभा! त्या मोसमात पहिल्या श्रेणीचे जेमतेम चार सामने मिळाले आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. पुढे 1963 मध्ये मांतोवा, 1967 मध्ये नापोली. म्हणजे पंचविशी ओलांडेपर्यंत हा माणूस मधल्या-खालच्या क्लबांत घडत होता. गोलरक्षकाचं पीक उशिराच येतं. पुढे खेळणाऱ्याला पाय लागतात, ते विशीत असतात. गोलरक्षकाला अंदाज लागतो, आणि तो गोल खाल्ल्याशिवाय येत नाही.

झॉफच्या खेळाचं वैशिष्ट्य नेमकं काय? तर तो उड्या फार मारत नसे. तुम्ही क्रिकेट पाहता. चांगला यष्टिरक्षक आणि देखणा यष्टिरक्षक यातला फरक तुम्हाला ठाऊक आहे. देखणा झेप घेतो, चांगला आधीच तिथे जाऊन उभा असतो. झॉफ आधीच तिथे असायचा. साहजिकच त्याचं निम्मं काम प्रेक्षकांना दिसतच नसे.

1968 च्या एप्रिलमध्ये तो राष्ट्रीय संघात आला आणि दोन महिन्यांत युरोपचा विजेता झाला. त्या स्पर्धेत एक मजेदार गोष्ट घडली. सोव्हिएत संघाविरुद्धचा उपान्त्य सामना गोलाविना सुटला. तेव्हा पेनल्टीचा फैसला नव्हता. नाणं उडवलं आणि इटली अंतिम फेरीत गेली. ज्या गोलरक्षकाने दोन तास एकही चेंडू आत जाऊ दिला नाही, त्याचं भवितव्य नाणेफेकीने ठरलं. आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं यांची गाठ त्याला अशी लवकरच पडली.

1972 ते 1983 ही अकरा वर्षं युव्हेंटसची. वयाच्या चौदाव्या वर्षी ज्यांनी नाकारलं त्यांच्याचकडे तो तिशीत गेला. या अकरा मोसमांत लीगचे 330 सामने झाले आणि झॉफ 330 सामने खेळला. एकही चुकवला नाही! पडसं नाही, पाय मुरगळणं नाही, प्रशिक्षकाची गैरमर्जी नाही. सहा वेळा लीग जिंकली, 1977 मध्ये युएफा चषक. आणि सप्टेंबर 1972 पासून जून 1974 पर्यंत राष्ट्रीय संघाकडून खेळताना 1142 मिनिटं त्याच्यावर गोल झाला नाही. म्हणजे एकोणीस तास. हा विक्रम मोडला कोणी? ब्राझीलने नाही, जर्मनीने नाही. 15 जून 1974 रोजी म्युनिकला, विश्वचषकात, हैतीच्या एमान्युएल सानोनने. इटलीने तो सामना 3-1 असा जिंकला, पण जगाच्या लक्षात राहिला तो सानोन. गोलरक्षकाच्या धंद्याचा हा न्याय आहे. अडवलेले चेंडू मोजले जात नाहीत.

1978 च्या विश्वचषकात तर तो खलनायकच ठरला. हॉलंडने दोन आणि ब्राझीलने दोन असे चार गोल लांबून मारले, इटली चौथी आली, आणि छत्तीस वर्षांच्या झॉफला आता नीट दिसत नाही असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. त्याने वाद घातला नाही. पुढच्या मोसमात पुन्हा गोलात जाऊन उभा राहिला.

आणि मग 1982. ही हकीकत पुष्कळांना माहीत असेल, म्हणून आपण फक्त दोन जागी थांबू. स्पेनमध्ये पहिल्या फेरीत इटलीचे तिन्ही सामने बरोबरीत सुटले. घरच्या वर्तमानपत्रांनी इतकं झोडपलं, की खेळाडूंनी ठरवलं, पत्रकारांशी बोलायचंच नाही. बोलेल फक्त कर्णधार. आणि कर्णधार कोण? झॉफ! संघातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस अधिकृत प्रवक्ता झाला. पत्रकारांच्या वह्या किती भरल्या असतील याची कल्पना आपण करू शकतो.

दुसरी जागा बार्सिलोनाची, 5 जुलै. समोर झिको-सॉक्रेटिसचा ब्राझील. बरोबरी झाली तरी ब्राझील पुढे जाणार होता. पाओलो रोस्सीचे तीन गोल, इटली 3-2 ने पुढे, शेवटची दोन-तीन मिनिटं. ऑस्करने डोक्याने चेंडू मारला. चाळीस वर्षांचा झॉफ डावीकडे झेपावला आणि गोलरेषेवर चेंडू दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल झाला म्हणून हात वर करून धावत आले. झॉफ चेंडू जिथे होता तिथेच धरून निश्चल पडून राहिला. चेंडू पुढे ओढला असता तर तो आत होता म्हणून ओढला असं दिसलं असतं. अडवून झालं होतं. आता फक्त न हलणं बाकी होतं. ते काही क्षण फार भयंकर होते, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. पंचांनी गोल दिला नाही. सहा दिवसांनी माद्रिदला पश्चिम जर्मनीला 3-1 हरवून इटली जगज्जेती झाली. चित्रकार रेनातो गुत्तुझो यांनी इटलीच्या टपाल तिकिटासाठी चित्र काढलं, त्यात झॉफचे हात आणि त्या हातांतला चषक आहे.

त्या रात्री संघातली तरुण मंडळी जल्लोषाला गेली. झॉफ आणि त्याचा खोलीतला जोडीदार गाएतानो शिरेआ मात्र जेवून आपल्या खोलीवर परतले आणि तिथेच बोलत बसले. शिरेआ हा युव्हेंटसचा बचावपटू, झॉफपेक्षा अकरा वर्षांनी लहान. साऱ्या कारकिर्दीत एकदाही मैदानाबाहेर काढला गेला नाही, असा सरळ माणूस. दोन अबोल माणसांची मैत्री. हे नाव ध्यानात ठेवा.

1983 मध्ये युरोपियन चषकाचा अंतिम सामना हॅम्बुर्गने एका गोलाने जिंकला. लांबून मारलेला गोल, पुन्हा. दहा वर्षांपूर्वी आयाक्सविरुद्धही असाच 1-0 चा पराभव झाला होता. ही एक ट्रॉफी झॉफला कधीच मिळाली नाही. एकेचाळिसाव्या वर्षी त्याने हातमोजे उतरवले, आणि इथून पुढे आपण 'ते' म्हणू.

गोलरक्षक मोठे प्रशिक्षक का होत नाहीत, असा एक जुना प्रश्न फुटबॉलमध्ये विचारला जातो. अपवाद आहेत. मार्सेयला 1993 मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवून देणारे बेल्जियमचे रेमों गोथाल्स गोलरक्षक होते, अलीकडचे लोपेतेगी आहेत. पण मोजायला बसलं तर बोटं उरतात. एक कारण सांगतात, की गोलरक्षकाचा सराव वेगळा, मधल्या फळीत काय चालतं ते त्याला अंगाने कळत नाही. आम्हाला हे पटत नाही. अख्खं मैदान समोर असतं ते एकट्या गोलरक्षकाच्याच. खरी अडचण दुसरी असावी. बाकीचे दहाजण खेळाडू असतानाच शिकतात, की काम दुसऱ्याकडे सोपवायचं असतं. चेंडू पुढे द्यायचा आणि विश्वास ठेवायचा. गोलरक्षकाची सवय उलटी असते. सगळे चुकले की काम त्याच्याकडे येतं. त्याच्या मागे कोणी नाही, फक्त जाळं. असा माणूस बाकावर बसला की त्याचे हातच काढून घेतल्यासारखे होतात.

झॉफ यांनी काही काळ इटलीच्या ऑलिम्पिक संघाचं काम पाहिलं आणि 1988 मध्ये ते युव्हेंटसचे प्रशिक्षक झाले. इटलीत खेळाडू प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात, इंग्रजांनी फुटबॉल शिकवला त्या काळाची ती खूण आहे. तर हे नवे मिस्टर सेहेचाळीस वर्षांचे. प्लातिनी वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेला, संघ उतरणीला लागलेला. गोलात होता स्तेफानो ताक्कोनी, 1983 मध्ये झॉफ यांच्या जागी आणलेला. आपल्याच रिकाम्या जागेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांना दर रविवारी बाकावरून पाहायचं होतं. आणि ताक्कोनी स्वभावाने अगदी उलटा, बोलका. मदतीला झॉफ यांनी घेतलं शिरेआंना. त्यांनीही त्याच वर्षी खेळ सोडला होता. खोलीतले जोडीदार आता बाकावरचे जोडीदार झाले.

1989 च्या सप्टेंबरमध्ये युएफा चषकाच्या पहिल्या फेरीत युव्हेंटसची गाठ पोलंडच्या गुर्निक झाब्झेशी पडली. प्रतिस्पर्ध्याचा खेळ आधी जाऊन पाहून यायचा, हे सहायकाचं नेहमीचं काम. शिरेआ पोलंडला गेले. 3 सप्टेंबर रोजी सामना पाहून परतताना बाब्स्क गावाजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडीत पेट्रोलचे डबे होते, त्यांनी पेट घेतला. शिरेआ छत्तीस वर्षांचे होते.

मंडळी, आम्ही वर्गात जबाबदारी हा विषय अनेक वर्षं शिकवला. कार्यकारण, हेतू, परिणामांचं पूर्वज्ञान, सगळं फळ्यावर लिहिलं. एपिक्टेटसने आपल्या ताब्यातल्या आणि ताब्याबाहेरच्या गोष्टींची जी वाटणी केली, तीही दरवर्षी समजावून दिली. त्या वाटणीप्रमाणे पाहिलं तर पोलंडमधल्या एका रस्त्यावरची मोटार आणि तुरिनमधला प्रशिक्षक यांचा काही संबंध लागत नाही. कोणताही न्यायाधीश झॉफ यांना निर्दोष म्हणेल. पण सहायकाला जिथे पाठवायचं असतं तिथे तो गेला होता, संघाच्या कामासाठी गेला होता, आणि संघ झॉफ यांचा होता. ज्याने आयुष्यभर आत गेलेला प्रत्येक चेंडू आपला मानला, त्याला ही वाटणी कशी पुरणार? त्यांनी याची जाहीर चर्चा फारशी केली नाही. शिरेआंबद्दल विचारलं की ते त्यांच्या शांतपणाबद्दल बोलतात, आवाज न चढवण्याबद्दल.

काम थांबलं नाही. ज्या झाब्झेला पाहायला शिरेआ गेले होते त्यांना युव्हेंटसने हरवलं, आणि त्या मोसमात झॉफ यांच्या संघाने दोन चषक जिंकले. इटालियन चषकात साकींच्या मिलानला 1-0 ने हरवलं, तेही मिलानच्याच मैदानावर. त्या वेळचा मिलान म्हणजे युरोपचा राजा! मग युएफा चषकाच्या अंतिम लढतीत फिओरेंतिना. तुरिनमध्ये 3-1, परतीचा सामना आव्हेलिनोला 0-0. आव्हेलिनो हा ताक्कोनीचा जुना क्लब, तिथूनच तो आला होता. झॉफ पूर्वी खेळाडू म्हणून जो चषक जिंकले होते, तोच आता प्रशिक्षक म्हणून.

आणि बक्षीस? क्लबने त्यांना निरोप दिला. निर्णय चषकाआधीच झालेला होता. नव्या काळाला साकींच्या मिलानसारखा आक्रमक, डोळ्यांत भरणारा फुटबॉल हवा होता, म्हणून बोलोन्याहून लुईजी माइफ्रेदी आणले. पुढच्या मोसमात युव्हेंटस सातवे आले आणि युरोपीय स्पर्धांत प्रवेशही मिळाला नाही. आम्ही हे कुजकटपणे सांगत नाही. पण जे दिसतं तेच खरं मानणाऱ्या व्यवस्थापनाला हा हिशेब दाखवायला हवा होता, असं वाटतं. असो.

झॉफ रोमला गेले, लात्सिओकडे. चार वर्षं प्रशिक्षक. 1993 मध्ये संघ पाचवा आला आणि बऱ्याच वर्षांनी युरोपात खेळायला गेला. अबोल झॉफ यांच्या हाताखाली तिथे कोण होता माहीत आहे? पॉल गॅस्कॉइन! खोड्या, दारू, दुखापती आणि मधूनच अलौकिक खेळ. झॉफ यांनी त्याला जमेल तितकं सांभाळलं, पोटच्या पोराला सांभाळावं तसं. 1994 मध्ये मालक क्रान्योत्ती यांनी झेमान यांना प्रशिक्षक आणलं आणि झॉफ यांना क्लबचं अध्यक्ष केलं. गोलातून बाकावर, बाकावरून खुर्चीत. मैदानापासून माणूस एकेक पायरी दूर चालला होता. जानेवारी 1997 मध्ये झेमान यांना काढलं तेव्हा अध्यक्ष स्वतः खुर्चीतून उठून पुन्हा बाकावर येऊन बसले आणि संघाला चौथ्या क्रमांकावर नेऊन सोडलं. अध्यक्षाने तात्पुरतं मास्तर होणं! आमच्या महाविद्यालयात प्राचार्यांना तास घ्यायला सांगून बघा.

1998 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. खरं म्हणजे आपला विषय क्लबचा, पण 2000 ची युरो स्पर्धा वगळता येणार नाही. स्पर्धेच्या तोंडावर बुफोनचा हात मोडला. दुसरा गोलरक्षक फ्रांचेस्को तोल्दो. अ‍ॅमस्टरडॅमला यजमान हॉलंडविरुद्ध इटलीचा एक खेळाडू पहिल्या अर्ध्यातच बाहेर गेला. दहाजणांनी दोन तास खिंड लढवली आणि तोल्दोने सामन्यात एक आणि शेवटच्या फैसल्यात दोन पेनल्टी अडवल्या. बाकावर झॉफ. 2 जुलैला अंतिम सामना फ्रान्सशी. इटली 1-0 ने पुढे, नव्वद मिनिटं संपलेली, वाढीव वेळेचे काही क्षण उरलेले. इटलीचे राखीव खेळाडू एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे होते. विल्तोरने बरोबरी केली. जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल. संपलं.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी बोलले. ते माजी पंतप्रधान, तेव्हाचे विरोधी नेते आणि मिलान क्लबचे मालक. झिदानवर पहारा बसवायला हवा होता, एवढं साधं कळू नये का, असा त्यांचा सूर होता, आणि शब्द अपमानाचे होते. 4 जुलैला झॉफ यांनी राजीनामा दिला. सन्मानाचे धडे मी या गृहस्थांकडून घेणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले आणि गेले. डावपेच बरोबर की चूक यावर वाद घातला नाही. पराभवाची जबाबदारी त्यांनी झटकली नव्हती. ती घेण्याची पद्धत दुसऱ्याने शिकवावी, हे त्यांना मान्य नव्हतं. हा अहंकार होता का? आमच्या एका मित्राचं मत, होता. मोठ्या माणसाने असली टीका गिळून काम चालू ठेवावं. आम्हाला तसं वाटत नाही. 1978 ची टीका त्यांनी गिळलीच होती, कारण ती झालेल्या गोलांबद्दल होती.

नंतर पुन्हा लात्सिओ. 2001 च्या जानेवारीत एरिक्सन इंग्लंडला गेले म्हणून झॉफ यांना बोलावलं. संघ तिसरा आला, आणि पुढचा मोसम सुरू होताच काही आठवड्यांत त्यांना काढून टाकलं. यात सांगण्यासारखं काही नाही. क्लब असेच चालतात.

शेवटचं काम फिओरेंतिनाचं. त्याच क्लबने 1961 मध्ये पाच गोल घातले होते आणि 1990 मध्ये त्यालाच हरवून झॉफ यांनी चषक नेला होता. 2005 च्या जानेवारीत हा संघ खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. घसरण म्हणजे काय हे झॉफ उदिनेसेच्या दिवसांपासून जाणत होते. चषक नाही, पदक नाही, नुसतं वर राहायचं. मे महिन्यातल्या शेवटच्या दिवसापर्यंत काही ठरलं नव्हतं. त्या दिवशी ब्रेशाला 3-0 हरवलं, तीन संघांचे गुण सारखे झाले, आणि आपसातल्या सामन्यांचा हिशेब काढल्यावर फिओरेंतिना वाचला. त्यांच्या संघावर त्या दिवशी गोल झाला नाही. पुढच्या मोसमासाठी क्लबने चेझारे प्रांदेल्ली यांना नेमलं. युव्हेंटसमध्ये झॉफ गोलात असताना हे प्रांदेल्ली त्यांच्यासमोर मैदानावर खेळलेले. झॉफ त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर ते कुठल्याही संघाच्या बाकावर बसले नाहीत.

आता प्रश्न घेऊ. झिदानवर पहारा बसवायला हवा होता की नाही, एवढं मात्र आम्हाला विचारू नका.